किल्ला पुरातत्त्वाचा, रान वनखात्याचं, वाट गावाची: आराखडा होण्याआधी ग्रामपंचायतीने काय करावं?

प्रश्न थोडक्यात: आमचं गाव सह्याद्रीत एका किल्ल्याच्या पायथ्याशी आहे. किल्ला राज्य संरक्षित स्मारक आहे, भोवतीचं रान अभयारण्यात आहे आणि गावठाण इको-सेन्सिटिव्ह झोनमध्ये, म्हणजे अभयारण्याभोवतीच्या पर्यावरण-संवेदनशील पट्ट्यात. किल्ला आणि परिसराचा 'एकात्मिक व्यवस्थापन आराखडा' होणार असं तालुक्याच्या बैठकीत सांगितलं. सल्लागार कंपनीची माणसं ड्रोन उडवून गेली. घरदुरुस्ती, होमस्टे, गुरांची चराई, गडावरच्या देवीची यात्रा यांचं पुढे काय होणार, हे कोणी सांगत नाही. मी उपसरपंच आहे. ग्रामपंचायतीने आत्ता काय करावं?

उत्तर:

उपसरपंच, नमस्कार. तुम्ही अगदी योग्य वेळी विचारलंत. बहुतेक गावं आराखडा छापून झाल्यावर येतात, आणि तेव्हा हाती उरतात त्या हरकती आणि कोर्टाच्या तारखा. तुमच्याकडे अजून मसुदा नाही, म्हणजे मसुद्यात काय असावं हे सांगायची संधी आहे.

अभयारण्यं आणि संरक्षित स्मारकं यांच्या आराखड्यांची कायद्याची बाजू मी बरीच वर्षं पाहते आहे. त्यातून एक गोष्ट पक्की झाली आहे. किल्ला आणि रान या दोन्हींना मिळून लागू होईल असा आराखडा आपल्याकडच्या कुठल्याही एका कायद्यात सांगितलेला नाही. 'एकात्मिक' आराखड्यातल्या ओळींना जोर येतो तो वेगवेगळ्या कायद्यांच्या कलमांतून. जिच्यामागे कलम नाही ती ओळ म्हणजे नुसती इच्छा, आणि जिच्यामागे कलम आहे ती तुमच्या दारापर्यंत येते. म्हणून मसुदा हातात पडला की प्रत्येक ओळीला तीन प्रश्न विचारा: कुठला गट नंबर? कुठल्या कायद्याचं कुठलं कलम? सही कोणाची? या तिन्हींची उत्तरं ज्या आराखड्यात आहेत तो आराखडा गावालाही वापरता येतो. ज्यात नाहीत, त्याचा अर्थ प्रत्येक साहेब आपापल्या परीने लावतो.

कामाची सुरुवात सातबाऱ्यापासून करा. किल्ल्याचा माथा, तटाखालचा उतार, पायथ्याचं रान, गायरान, देवराई, वाटेत लागणारी खासगी शेतं, अशा प्रत्येक तुकड्याचा चालू सातबारा आणि जुने फेरफार काढा. भूमी अभिलेखच्या उपअधीक्षक कार्यालयातून गावनकाशा आणि आकारबंद (जमिनीचं क्षेत्र आणि आकारणी यांची नोंद) घ्या, गरज पडेल तिथे टिपण आणि गुणाकार बुक या जुन्या मोजणीच्या कागदांच्या नकला मागा. जमिनींच्या एकत्रीकरणाआधीचे सर्व्हे नंबर आणि आताचे गट नंबर यांचा ताळमेळ लावलेला तक्ता तयार करा. काम कंटाळवाणं आहे, पण याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. जुन्या स्मारकाची अधिसूचना बहुधा जुन्या सर्व्हे नंबरात असते, वनखात्याचा हिशेब कंपार्टमेंट (वनखंड) नंबरात चालतो आणि तुमच्या घरा-शेतांचा सातबारा गट नंबरात असतो. तिन्ही एकाच नकाशावर बसवून पाहिलेलं मला क्वचितच आढळलं आहे. एका आराखड्यात वरून मोकळी दिसते म्हणून पार्किंगला दाखवलेली जागा गायरान निघाली, आणि गावाला पाणी देणाऱ्या झऱ्याचा ओहोळ तिच्या मधूनच वाहत होता. ड्रोनच्या चित्रात हक्क दिसत नाहीत.

सातबारा पाहताना इतर हक्कांच्या रकान्यात 'खाजगी वन' किंवा 'कलम ३५(३)' (म्हणजे भारतीय वन अधिनियम, १९२७ खालची जुनी नोटीस) असा शेरा आहे का तेही बघा. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम, १९७५ हा कायदा ३० ऑगस्ट १९७५ पासून लागू झाला आणि त्याखाली डोंगरउतारावरच्या बऱ्याच जमिनी शासनाकडे गेल्या. मात्र जुनी नोटीस निघाली होती एवढ्यावरून जमीन आपोआप वन ठरत नाही, ती मालकावर बजावलेली असावी लागते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली गोदरेजच्या प्रकरणात सांगितलं आहे. असा शेरा असलेल्या प्रत्येक खातेदाराने आपली नोटीस आणि तिच्या बजावणीचा कागद मागवून ठेवावा.

आता किल्ला. गावोगावी एक वाक्य ऐकू येतं: 'शंभर मीटरच्या आत विटसुद्धा हलवता येत नाही.' यात अर्धवट खरं आहे आणि त्याच अर्धवटपणामुळे लोक घाबरतात. शंभर मीटरची तरतूद केंद्राच्या प्राचीन स्मारके आणि पुरातत्त्वीय स्थळे व अवशेष अधिनियम, १९५८ मधली. आधी १६ जून १९९२ च्या अधिसूचनेने आणि पुढे २०१० च्या दुरुस्तीने ती आली: संरक्षित हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र, त्यापुढे २०० मीटर विनियमित क्षेत्र. हे लागू होतं ते राष्ट्रीय महत्त्वाचं म्हणून घोषित झालेल्या, म्हणजे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातल्या स्मारकांना. तुमचा किल्ला राज्य संरक्षित असेल तर त्याला राज्याचा १९६० चा अधिनियम आणि त्याखालचे नियम लागतात. केंद्राचे १०० आणि २०० मीटर तिथे आपोआप येत नाहीत. तुमच्या किल्ल्यावर कुठली बंधनं आहेत हे त्याच्या मूळ अधिसूचनेवरून आणि त्यानंतरच्या आदेशांवरून ठरेल. म्हणून राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे माहिती अधिकारात अर्ज करा आणि अधिसूचना व तिच्यासोबतचा नकाशा, दोन्ही मागा. नकाशा मिळाला नाही तर 'उपलब्ध नाही' असं लेखी घ्या. ते उत्तरसुद्धा पुढे मोलाचं ठरतं.

एकाच किल्ल्याचा एखादा भाग केंद्राच्या यादीत आणि बाकीचा नाही, असंही असू शकतं, तेव्हा हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. केंद्राचा कायदा लागत असेल तरी घरदुरुस्तीचा रस्ता बंद नाही. १६ जून १९९२ पूर्वीपासून उभ्या असलेल्या घराच्या दुरुस्तीसाठी आणि नूतनीकरणासाठी प्रतिबंधित क्षेत्रातसुद्धा सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. विनियमित क्षेत्रात नव्या बांधकामासाठीही अर्ज करता येतो. सक्षम प्राधिकाऱ्याने तो १५ दिवसांत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवायचा, प्राधिकरणाने दोन महिन्यांत आपलं मत कळवायचं आणि त्यानंतर महिनाभरात निर्णय द्यायचा, असा क्रम कायद्यातच आहे. अंतर मोजायचं ते संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून, बुरुजाच्या भिंतीपासून नव्हे. डोंगरी किल्ल्यावर या फरकाने अख्खी वाडी आत येते किंवा बाहेर राहते, म्हणूनच नकाशासाठी एवढा आग्रह धरते आहे.

केंद्राच्या याच कायद्यातल्या तीन गोष्टी गावांना सहसा कोणी सांगत नाही. 'बांधकाम' या शब्दाच्या व्याख्येतूनच गटारं, सार्वजनिक शौचालयं, सार्वजनिक पाणीपुरवठा आणि वीजपुरवठा यांची कामं वगळलेली आहेत, म्हणून पायथ्याच्या शौचालयाला 'कायद्याने मनाई' असं कोणी म्हटलं तर व्याख्येवर बोट ठेवा. मात्र खोदकाम संरक्षित हद्दीच्या आत असेल तर परवानगी लागतेच. दुसरं, संरक्षित क्षेत्रात जमीन असलेल्या माणसाला साध्या शेतीची मुभा आहे, तिच्यासाठी एक फुटापेक्षा खोल खणावं लागत नसेल तर. आणि तिसरं, स्मारकाचा मालक आणि शासन यांच्यात देखभाल, पहारा, लोकांना आत येण्याची सोय याबद्दल करार करण्याची तरतूद आहे. राज्य संरक्षित स्मारकांसाठी 'महाराष्ट्र वैभव' नावाची संगोपन योजनाही आहे. तिच्यात मालकी बदलत नाही, देखभालीची जबाबदारी ठरावीक काळासाठी वाटून घेतली जाते. तुमच्या गावात एखादी नोंदणीकृत संस्था असेल तर बाहेरच्या कंपनीआधी तिनेच हा प्रस्ताव द्यावा असं माझं मत आहे. पायवाटेवरचा कुठला दगड कुठल्या पावसात निसटला हे पायथ्याच्या माणसांना ठाऊक असतं.

आता रान, आणि इथे जरा थांबते, कारण गावांचं खरं नुकसान किंवा भलं इथेच होतं.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे अभयारण्याचा इरादा कलम १८ खाली जाहीर होतो. मग जिल्हाधिकाऱ्याने लोकांच्या हक्कांची चौकशी करायची, दावे मान्य किंवा अमान्य करायचे, आणि त्यानंतर कलम २६-अ खाली अंतिम घोषणा. ही चौकशी किती ठिकाणी वर्षानुवर्षं रेंगाळली याची कल्पना यावरून येईल की सर्वोच्च न्यायालयाला १९९७ साली राज्यांना ती मुदतीत पुरी करण्याचे आदेश द्यावे लागले. तुमच्या अभयारण्याची चौकशी झाली का, त्यात तुमच्या गावाने कुठले हक्क मांडले आणि कुठले मान्य झाले, हे कागद तुम्हाला हवेत. कलम २४ मध्ये एक महत्त्वाची सोय आहे: मुख्य वन्यजीव रक्षकांशी सल्लामसलत करून जिल्हाधिकारी एखादा हक्क अभयारण्यात चालू ठेवू देऊ शकतो. राष्ट्रीय उद्यानात ही सवलत नाही, तिथे चराईलाही जागा नाही. तेव्हा 'अभयारण्य म्हणजे सगळं बंद' असं कोणी म्हणालं तर चौकशीचा निकाल दाखवा म्हणावं.

यात्रेची वाट, देवीचा ओटा, देवराई, उन्हाळ्यात गुरं उतरतात तो पाणवठा, यांचा उल्लेख त्या चौकशीत नसेल तर वनहक्क कायदा, २००६ आहे. तो अभयारण्यातल्या वनजमिनीलाही लागू होतो. तुमच्या गावात आदिवासी कुटुंबं असतील तर दावा तुलनेने सोपा. नसतील तर 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणून १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, तिथे राहून वनावर अवलंबून असल्याचं दाखवावं लागतं. पुराव्याच्या नियमात जुने सरकारी कागद येतात, तशाच चराईच्या जागा, पवित्र झाडं, देवराया, तळी, दहन-दफनाच्या जागा, गावाने बांधलेल्या जुन्या वास्तूंचे अवशेष याही खुणा येतात. म्हाताऱ्या माणसांचं सांगणं लिहून घेतलं तर तोही पुरावा धरला जातो. हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका. ज्यांनी ती वाट अनवाणी चालून पाहिली आहे त्यांचं सांगणं या उन्हाळ्यातच लिहून काढा, तारीख, सही आणि साक्षीदारांसह.

या कायद्याचं कलम ५ मला मनापासून आवडतं. ग्रामसभेला ते अधिकार देतं की तिने वन्यजीव, वन, पाणलोट आणि जैवविविधता जपावी, आणि आपल्या लोकांच्या सांस्कृतिक व नैसर्गिक वारशाला बाधा आणणाऱ्या गोष्टी रोखाव्यात. सांस्कृतिक आणि नैसर्गिक, दोन्ही एकाच वाक्यात. आपल्याकडे पुरातत्त्व एका इमारतीत बसतं आणि वनखातं दुसऱ्या, पण गावाला गडावरची देवी आणि तिच्या मागची राई कधीच वेगळी वाटली नाही, आणि इथे कायदासुद्धा त्यांना वेगळं करत नाही. ओडिशातल्या नियमगिरीच्या प्रकरणात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने डोंगराशी जोडलेल्या धार्मिक आणि सांस्कृतिक हक्कांचा विचार ग्रामसभांवर सोपवला, तो याच कायद्याच्या आधारे. आणि सामूहिक वनसंपत्तीचा हक्क मिळाला की त्या जंगलाचा व्यवस्थापन आराखडा करण्याचा अधिकारही ग्रामसभेला मिळतो. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये तो मिळवला. तुम्ही दुसऱ्यांच्या आराखड्यावर हरकत घेण्याच्या तयारीत आहात. स्वतःचा आराखडा करण्याचा मार्गही तुम्हाला उघडा आहे.

आता एक गोष्ट अधोरेखित करून ठेवा. वन्यजीव कायद्याची २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तिने कलम ३३ बदललं: अभयारण्याचं व्यवस्थापन मंजूर आराखड्याप्रमाणेच चालायला हवं, आणि अभयारण्य अनुसूचित क्षेत्रात असेल किंवा तिथे वनहक्क कायदा लागू असेल तर तो आराखडा संबंधित ग्रामसभेशी रीतसर सल्लामसलत करूनच तयार व्हायला हवा. तालुक्याच्या सभागृहात झालेली बैठक म्हणजे ग्रामसभा नव्हे. हजेरीपटावरच्या तुमच्या सह्या उद्या 'सल्लामसलत झाली' म्हणून दाखवल्या जाऊ शकतात, म्हणून त्या बैठकीचं इतिवृत्त मागवा आणि ग्रामसभेशी सल्लामसलत अजून व्हायची आहे असं लेखी कळवा.

याचं महत्त्व आणखी एका कारणाने वाढलं आहे. वनजमीन दुसऱ्या कामाला वापरायची तर केंद्राची पूर्वमंजुरी लागते, हा १९८० च्या वन कायद्याचा जुना नियम. त्यात २०२३ साली दुरुस्ती झाली आणि वन्यजीव व्यवस्थापन आराखड्यात समाविष्ट असलेल्या निसर्ग पर्यटनाच्या सोयी 'बिगर-वन वापर' या व्याख्येतून बाहेर काढल्या गेल्या. म्हणजे आराखड्याच्या पर्यटनाच्या प्रकरणात एक ओळ आली की पूर्वी दिल्लीपर्यंत जाणारा एक टप्पा गळू शकतो. निसर्ग माहिती केंद्र, निवासी तंबू, उपाहारगृह, काय त्या प्रकरणात लिहिलंय ते शब्द न् शब्द वाचा.

इको-सेन्सिटिव्ह झोनचं थोडक्यात सांगते. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली याची अधिसूचना निघते. मसुद्यावर ६० दिवसांत हरकती घेता येतात. आपल्याकडे महाबळेश्वर-पाचगणीला हे २००१ साली लागू झालं, माथेरानला २००३ मध्ये. अलीकडच्या बहुतेक अधिसूचनांचा साचा एकच असतो: खाणी, दगडफोड आणि प्रदूषण करणारे उद्योग मना; हॉटेल-रिसॉर्टवर अभयारण्याच्या हद्दीजवळ कडक बंधन; स्थानिकांना स्वतःच्या जमिनीवर स्वतःच्या वापरासाठी घर बांधण्याची मुभा; आणि दोन वर्षांत राज्याने विभागीय बृहत आराखडा (झोनल मास्टर प्लॅन) करायचा, तोही स्थानिकांशी बोलून. घरातल्याच दोन खोल्यांचा होमस्टे आणि रस्त्याकडेला नवी तीन मजली लॉज यांत अधिसूचना फरक करते, तेव्हा तुमच्या तरुणांना आधी अधिसूचनेचा तक्ता वाचायला द्या, कर्जाचा अर्ज त्यानंतर.

याच साच्यात दोन परिच्छेद असतात ज्यांच्याकडे सगळे दुर्लक्ष करतात. एक नैसर्गिक वारशाचा: कडे, धबधबे, झरे, गुहा, देवराया यांची नोंद करून संरक्षणाची योजना करायची. दुसरा मानवनिर्मित वारशाचा: ऐतिहासिक आणि सांस्कृतिक महत्त्वाच्या वास्तू आणि परिसर शोधून त्यांचा जतन आराखडा बहुधा सहा महिन्यांत तयार करायचा, बृहत आराखड्याचा भाग म्हणून. गावातल्या वीरगळी, सतीशिळा, बारव, पडका चौथरा, पुरातत्त्वाच्या कुठल्याच यादीत नसलेलं हे सगळं इथे कायद्याच्या छत्राखाली येऊ शकतं. यादी ग्रामपंचायतीने स्वतः करावी, फोटो आणि गट नंबरासह, आणि झोनच्या संनियंत्रण समितीला पाठवावी. समितीचे अध्यक्ष बहुधा जिल्हाधिकारी असतात. पाणथळ, दुर्मिळ जीव आणि देवस्थान एकत्र असतील तर जैविक विविधता अधिनियम, २००२ खाली 'जैविक वारसा स्थळ' हाही मार्ग आहे. आंबोलीत हिरण्यकेशीच्या मंदिराजवळच्या पाण्यात सापडलेल्या 'शिस्टुरा हिरण्यकेशी' या माशासाठी ती जागा २०२१ साली वारसा स्थळ म्हणून घोषित झाली. देवाच्या कुंडाने मासा राखला आणि कायद्याने दोघांना एकत्र मान्यता दिली.

तुमच्या प्रश्नात श्रमदानाचा विषय नाही, पण किल्ल्याच्या गावात तो निघतोच. गडावरची टाकी साफ करायला शहरातून पोरं येतात, त्यांची भावना शंभर टक्के खरी असते. पण टाक्यातला गाळ म्हणजे नुसता चिखल नव्हे. त्यात खापरं, नाणी, तोफगोळे, घडीव दगड असू शकतात, आणि कुठल्या थरात काय होतं यावरून टाक्याचा इतिहास कळतो. फावड्याने उपसलेला गाळ कड्यावरून ढकलला की तो इतिहास गेला. म्हणून परवानगी पुरातत्त्वाची हवीच, आणि टाकं अभयारण्यात असेल तर वनखात्याचीही. वस्तू सापडली आणि तिची किंमत दहा रुपयांपेक्षा जास्त असेल तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. रक्कम तेव्हाची आहे, कायदा आजही जिवंत आहे. आराखड्यात टाक्यांसाठी वेगळं पान मागा: कुठलं टाकं पिण्याच्या पाण्याचं, कुठलं वन्यप्राण्यांसाठी राखायचं, गाळ कोणाच्या देखरेखीखाली काढायचा, चाळायचा कुठे, महिना कुठला. बेडकं आणि खेकड्यांचा हंगाम बघून तो ठरवावा. कड्याच्या कपारीत गिधाडांची घरटी असतील तर हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत तिथे दोर लावून चढाई नको, आणि तटावर रात्रीची रोषणाई तर कधीच नको. सिमेंटने चिरा बसवणं, तटावर तेलरंगाने नावं लिहिणं, पायऱ्यांना चकचकीत फरशी लावणं या गोष्टी प्रेमापोटी होतात आणि किल्ल्याला कायमची इजा करतात. श्रमदान थांबवू नका. त्याला परवानगीचा कागद आणि एक जाणकार जोडून द्या.

पर्यटकांच्या संख्येबद्दल थोडं. वासोटा कोयना अभयारण्यात आहे, २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. बामणोलीहून होडीने जायचं, वनखात्याची परवानगी घ्यायची, संध्याकाळपर्यंत परतायचं, वर मुक्काम नाही. तिथे गडाची शिस्त वन्यजीव कायद्याच्या प्रवेश परवान्याने राखली आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरी लेणी पाहायची तर उद्यानाच्या दारात एक तिकीट आणि लेण्यांपाशी पुरातत्त्वाचं दुसरं. दोन खाती एका जागेवर नांदू शकतात, फक्त कोणाची हद्द कुठे संपते हे स्पष्ट हवं. कास पठारावर आसपासच्या गावांच्या समित्या व्यवस्था पाहतात आणि रोजच्या संख्येवर मर्यादा आहे. तिथे घातलेलं कुंपण पुढे काढून टाकावं लागलं. चराई आणि माणसांचा वावर अचानक तुटला की फुलांचं गणित बिघडतं, अशी स्थानिकांची तक्रार होती. म्हणून तुमच्या आराखड्यात 'चराई बंद' असं सरसकट वाक्य येत असेल तर कुठल्या अभ्यासावरून, हे विचारा. संख्येची मर्यादा लिहिली असेल तर ती कोणाच्या आदेशाने अमलात येणार, गेटवर माणूस कोणाचा आणि प्रवेश शुल्क कोणाच्या खात्यात जाणार, हे मसुद्यातच लिहून घ्या. शुल्काचा किती हिस्सा गावाच्या समितीला, तेही.

११ जुलै २०२५ ला 'मराठा लष्करी भूदृश्ये' या नावाने १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यातले ११ महाराष्ट्रात आणि जिंजी तामिळनाडूत. साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे, बाकीचे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे. तेव्हापासून 'बफर झोन' (वारसा स्थळाभोवतीचा संरक्षक पट्टा) हा शब्द सगळ्या किल्ल्यांच्या बैठकांत ऐकू येतो. तुमचा किल्ला त्या १२ मध्ये नसेल तर युनेस्कोचा बफर तुम्हाला लागत नाही. असेल तरी लक्षात ठेवा की भारतात जागतिक वारशासाठी वेगळा कायदा नाही. त्या बफरमध्ये जे बंधन येईल ते पुन्हा याच कायद्यांपैकी कुठल्या तरी कलमातून यावं लागेल. युनेस्कोला व्यवस्थापनाची लिखित व्यवस्था हवी असते, आणि मोठं काम हाती घेण्याआधी वारशावर त्याचा काय परिणाम होईल हे पाहिलेलं हवं असतं. रोपवे किंवा मोठं पार्किंग येणार असेल तर हा मुद्दा गावाच्या बाजूने वापरता येतो.

आता करायचं काय, ते सरळ सांगते. पंधरा दिवसांत विशेष ग्रामसभा घ्या. ठरावात लिहा की परिसराच्या प्रस्तावित आराखड्यासाठी ग्रामसभेशी वन्यजीव कायद्याच्या कलम ३३ प्रमाणे सल्लामसलत व्हावी. मसुदा मराठीत आणि गट नंबरनिहाय नकाशासह किमान ६० दिवस ग्रामपंचायतीत उपलब्ध असावा. वनहक्कांचे प्रलंबित दावे निकाली निघेपर्यंत चराई, पाणवठे आणि यात्रेची वाट यांवर नवं बंधन घालू नये. आणि आराखड्याच्या समितीत ग्रामसभेने निवडलेल्या दोन व्यक्ती असाव्यात, त्यातली एक स्त्री. पाणी आणि सरपण कुठून येतं हे बायकांना जास्त नेमकं माहीत असतं. ठरावाच्या प्रती जिल्हाधिकारी, उपवनसंरक्षक, पुरातत्त्व विभागाचे सहायक संचालक आणि प्रांत यांना द्या, पोच घ्या. त्याच सभेत वनहक्क समिती जिवंत आहे का ते पाहा. नसेल तर नव्याने निवडा.

यात्रेसाठी वेगळा कागद करा. तिथी, वाट, किती माणसं येतात, स्वयंपाक कुठे होतो, पाणी कुठून, कचरा कोण उचलतं, आणि बळी देण्याची प्रथा असेल तर तिच्याबद्दल गावाने काय ठरवलं आहे, हे सगळं गावानेच प्रामाणिकपणे लिहावं. बंदी बहुधा तिथे येते जिथे अधिकाऱ्यासमोर यात्रेची काहीच माहिती नसते आणि त्याला फक्त गर्दीचा फोटो दिसतो. गावाने स्वतः घातलेली शिस्त कागदावर असेल तर ती तशीच आराखड्यात उतरवून घेता येते, आणि एकदा उतरली की पुढच्या अधिकाऱ्यालाही ती पाळावी लागते. अभयारण्याचे आराखडे साधारण दहा वर्षांसाठी होतात.

माहिती अधिकाराचे चार अर्ज आजच टाका: स्मारकाची अधिसूचना आणि नकाशा, अभयारण्याची कलम १८ आणि २६-अ ची अधिसूचना व हक्क चौकशीचा निकाल, इको-सेन्सिटिव्ह झोनची अधिसूचना, बृहत आराखड्याची सद्यस्थिती आणि संनियंत्रण समितीची इतिवृत्तं, आणि सल्लागार कंपनीला दिलेला कार्यादेश, त्यातल्या कामाच्या व्याप्तीसह. या शेवटच्या कागदातून कळेल की कंपनीला गावाशी बोलायला सांगितलं आहे की नाही, आणि मसुदा द्यायची मुदत कधी आहे. ती तारीख कळली की ग्रामसभा त्याआधीची ठेवा.